तंजावरचा नाटककार राजा

मराठी नाटकाचा उगम म्हटला की आपले बोट सांगलीकडे वळते. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु त्यापूर्वी सुमारे दीडशे वर्षे, मराठी मुलखापासून दूर कावेरीकाठी, एक मराठा राजा मराठीत नाटक लिहीत होता. ते तंजावरचे शहाजीराजे भोसले. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचे हे चिरंजीव, नाव आजोबांचे.

१६८४ साली कोवळ्या वयात ते गादीवर बसले. काळ स्वस्थतेचा नव्हता. जिंजीस राजाराम महाराज मोगली वेढ्यात अडकलेले, आणि जुल्फिकारखानाची खंडणीची मागणी तंजावरच्या दाराशी. अशा धामधुमीतही १६९३ साली राजांनी तिरुविसनल्लूर हे गाव विद्वानांस अग्रहार दिले. त्यालाच शहाजीराजपुरम् हे नाव पडले.

आणि ते स्वतः लिहीत राहिले. नायक राजांच्या वेळेपासून दरबारी वाङ्मयाची भाषा तेलुगू. राजांनी ती मनापासून आपलीशी केली. तिरुवारूरच्या त्यागेशासाठी रचलेले ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’ हे त्यांचे गेय नाटक तेलुगूतच आहे. ‘पंचभाषाविलास’ या नाटकात तर तमिळ, तेलुगू, संस्कृत, हिंदी आणि मराठी अशा पाच भाषा एकत्र नांदतात. राज्यात येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांच्या भाषाच त्यांनी रंगमंचावर आणल्या म्हणाना! मराठीत त्यांनी ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ लिहिले. ते १६९० च्या सुमाराचे मानतात. घाट दाक्षिणात्य यक्षगानाचा, बोली मात्र आपली.

त्याच्या थोडे आधी, १६७३ ते १६८६ या वर्षांत, पॅरिसमध्ये फिलिप किनो हा कवी लुलीच्या संगीतासाठी नाटके रचून चौदाव्या लुईपुढे सादर करीत होता. तिकडे राजा प्रेक्षक आणि कवी आश्रित. तंजावरास राजाच कवी. फरक आणखी एक. किनोची नाटके छापली जाऊन दूरवर गेली. राजांची नाटके राजवाड्याच्या आणि देवळांच्या आवाराबाहेर फारशी गेलीच नाहीत. म्हणून त्यांना भाव्यांचे पूर्वज म्हणणे आम्हांस पटत नाही. भाव्यांचा मान भाव्यांकडेच राहो. पण पहिल्या लिखित मराठी नाटकाचा मान तंजावरास देताना हात आखडता का घ्यावा? परप्रांती पिढ्यान्‌पिढ्या राहून घरात मराठी टिकविणे किती कठीण, हे भोपाळच्या मराठी घरांना कोणी सांगावयास नको.

राजे १७१२ साली वारले. पुत्रसंतान नसल्याने गादी धाकटे बंधू सरफोजीराजे यांच्याकडे गेली. तंजावरच्या घराण्याच्या नाटकांच्या पोथ्या सरस्वती महालात जपून ठेवलेल्या आहेत.