लेखणीचा संसार : ज्ञानकोशकार केतकरांचे स्मरण

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा निरोप मंडळाच्या चिटणीसांकडून आला तेव्हा आम्ही एका कंपनीच्या माहितीपत्रकाचे मराठी भाषांतर करीत बसलो होतो. गेली अनेक वर्षे हेब्बाळात आमचा हाच उद्योग चालू आहे. आम्ही कोणाचे नोकर नाही. जे लिहावे त्याचे बिल करावे आणि पैशाची वाट पाहावी, असा हा व्यवसाय. बँकेच्या अर्जात व्यवसायापुढे ‘लेखक’ असे लिहिले की समोरचा गृहस्थ नोकरी कोठे, असे पुन्हा विचारतो. शेजारीपाजारीही दिवसा घरी असणाऱ्या माणसाकडे थोड्या करुणेनेच पाहतात. एकदा केलेल्या कामाचे पैसे नऊ महिने थकले, तेव्हा ही करुणा आम्हालाही स्वतःविषयी वाटू लागली होती. अशा वेळी ज्या एका पुरुषाच्या चरित्राने आम्हास धीर दिला आणि थोडे भयही दाखविले, त्या डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्याविषयी येथे चार शब्द लिहावेत असे वाटते.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. म्हणजे महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी माणसाशी त्यांचे नाते जन्मापासूनचेच. अमरावतीस शालेय शिक्षण व मुंबईस विल्सन महाविद्यालयात काही काळ अभ्यास करून १९०६ साली ते अमेरिकेस गेले. तेथील कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी जातिसंस्थेच्या इतिहासाचा अभ्यास केला. त्या विषयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला आणि १९११ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढे काही काळ इंग्लंडमध्ये राहून ते १९१२ साली स्वदेशी परतले.

एवढी विद्या संपादन केलेल्या माणसाला त्या काळी एखादी प्रतिष्ठेची जागा सहज मिळावयास हवी होती. कलकत्ता विद्यापीठात त्यांनी थोडे दिवस अध्यापन केलेही. परंतु स्थिर नोकरी त्यांच्या वाट्यास आली नाही. अखेर त्यांनी मराठी ज्ञानकोशाचे कार्य हाती घेतले. जगातील ज्ञान मराठी वाचकास मराठीतूनच मिळावे, ही त्यामागील आकांक्षा. ती अनेकांच्या मनात असेल, पण ती अमलात आणण्याची केतकरांची रीत निराळी होती. ते एखाद्या संस्थानिकाच्या आश्रयावर विसंबून राहिले नाहीत. १९१६ च्या सुमारास नागपूर येथे त्यांनी ज्ञानकोशासाठी रीतसर मर्यादित कंपनी स्थापन केली. भाग विकले, आगाऊ वर्गणीदार मिळविले, प्रचारक गावोगाव धाडले. विद्वानाने दारोदार वर्गणी मागत फिरावे हे त्या काळच्या पुष्कळांना रुचले नाही; पण वाचकाच्या खिशातून आलेल्या पैशावर ग्रंथ उभा राहिला तर तो वाचकाचाच होतो, हे केतकरांनी ओळखले होते.

पुढे हे कार्यालय पुण्यास आले. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्यासारखे कष्टाळू सहकारी त्यांस लाभले. १९२९ पर्यंत ज्ञानकोशाचे एकूण २३ खंड वाचकांच्या हाती पडले. पहिले ५ खंड प्रस्तावनेचे. त्यांत वेदविद्येपासून विज्ञानाच्या इतिहासापर्यंतचा विस्तार आहे. मग अकारविल्हे लेखांचे खंड आणि शेवटी सूची व पुरवणी. टंकलेखनयंत्रे दुर्मीळ, संदर्भग्रंथ परदेशातून मागवावयाचे, पारिभाषिक शब्द नव्याने घडवावयाचे आणि महिनाअखेरीस लेखनिकांचे पगारही भागवावयाचे! हा सारा खटाटोप त्यांनी पुढे ‘माझे बारा वर्षांचे काम’ या १९२७ च्या पुस्तकात मांडला. लेखनव्यवसायाचा जमाखर्च इतक्या मोकळेपणाने सांगणारे पुस्तक आमच्या तरी पाहण्यात दुसरे नाही.

याच धामधुमीत १९२० साली त्यांचा विवाह एडिथ कोहन या ज्यू विदुषीशी झाला. त्या शीलवती केतकर झाल्या आणि हा ओढगस्तीचा संसार त्यांनी निष्ठेने केला. त्याही लेखणीच्याच कष्टकरी होत्या. विंटरनिट्झ या पंडिताच्या भारतीय वाङ्मयेतिहासाचे जर्मनमधून इंग्रजी भाषांतर त्यांनी केले व ते कलकत्ता विद्यापीठाने १९२७ पासून प्रसिद्ध केले. पतीच्या निधनानंतर कित्येक वर्षांनी, १९६९ साली, त्यांच्या सहजीवनाच्या आठवणी मराठीत ग्रंथरूपाने आल्या. भाषांतराच्या मानधनावर घर चालविणे म्हणजे काय, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांस त्या आठवणी वाचताना पुष्कळ ओळखीचे भेटेल.

ज्ञानकोश पुरा झाला, पण केतकरांची विवंचना पुरी झाली नाही. त्यांनी ‘गोंडवनातील प्रियंवदा’, ‘परागंदा’, ‘ब्राह्मणकन्या’ अशा कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत भाषेचा डौल थोडा. समाजशास्त्रज्ञाची चिकित्सा मात्र भरपूर. परागंदा झालेल्या, समाजाच्या कडेला राहिलेल्या माणसांची दुःखे त्यांनी लिहिली, म्हणून आम्हा बेंगळूरकरांस त्या जवळच्या वाटतात. १९३१ साली हैदराबाद येथील साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांस मिळाले. मानाचा हा मुकुट मस्तकी आला तरी घरातील चणचण गेली नाही. कर्ज आणि आजारपण यांनी अखेरची वर्षे ग्रासली आणि १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे ५३.

या जीवनाकडे पाहून पराभव म्हणावा की विजय, असा प्रश्न आमच्या मनात वारंवार येतो. त्यांच्याआधीचे थोर कादंबरीकार हरिभाऊ आपटे पुण्याच्या आनंदाश्रमाचे व्यवस्थापक होते. त्या आधारावर त्यांची लेखणी चालली. याच हरिभाऊंच्या कादंबऱ्या कन्नडमध्ये नेणारे गळगनाथ शिक्षकाची नोकरी सोडून लेखनात पडले, आणि स्वतःची पुस्तके डोक्यावर वाहून गावोगाव विकत हिंडले असे कर्नाटकात आजही सांगतात. म्हणजे लेखणीवर जगणाऱ्याची वाट मराठीत बिकट आणि कन्नडमध्ये सुकर, असे नाही. दोन्हीकडे वाचक हाच धनी, आणि तो उधारीवर वाचू लागला की लेखकाची चूल विझते.

आम्हास वाटते, केतकरांचा हिशेब पैशात चुकला. कामात चुकला नाही. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या दाते-कर्वे यांनीच पुढे महाराष्ट्र शब्दकोशाचे कार्य केले. भाषांतर करताना एखाद्या शब्दापाशी आम्ही अडतो तेव्हा त्या कोशाची पाने उलटतो, आणि ज्या खोलीत बसून आम्ही एकटे काम करतो असे वाटते ती खोली एकाएकी माणसांनी भरून जाते.

मंडळाची ५० वर्षे पूर्ण झाली. गणेशोत्सव, नाटके, संक्रांतीचे तिळगूळ यांवर आपण हौसेने खर्च केला व तो योग्यच केला. आता येत्या वर्षापासून अंदाजपत्रकात एक लहानशी रक्कम मराठी पुस्तके विकत घेण्यासाठी निराळी काढावी, आणि कार्यक्रमास येणाऱ्या लेखकाच्या हाती श्रीफळाबरोबर मानधनाचे पाकीटही ठेवावे, अशी आमची नम्र सूचना आहे. या लेखाचे बिल मात्र आम्ही पाठविणार नाही. घरच्या कार्याला बिल नसते. ज्ञानकोशकारांच्या स्मृतीस वंदन करून मंडळाच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा देतो.