मुलगा की मुलगी? उत्तर शोधणाऱ्या नेटी स्टीव्हन्स

मुलगी झाली की आजही सुनेलाच बोल लावतात. पण हे बापाकडून ठरतं. त्याचा धागा अमेरिकेच्या नेटी स्टीव्हन्स यांना १९०५ साली सापडला.

१८६१ मध्ये व्हर्माँट राज्यात सुताराच्या घरी त्यांचा जन्म झाला. शाळेत शिकवून पैसे साठवले आणि पस्तिशीत त्या स्टॅनफर्ड विद्यापीठात दाखल झाल्या.

पुढे त्यांनी पिठात होणारे किडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. पेशी विभागून अंडं किंवा शुक्राणू तयार होताना २० गुणसूत्रांची १० होतात. अंड्यात दहाही मोठी; निम्म्या शुक्राणूंत मात्र एक छोटं. छोटं आलं की नर, नाहीतर मादी.

माणसाचंही तसंच. बापाकडून ‘वाय’ गुणसूत्र आलं तर मुलगा, ‘एक्स’ आलं तर मुलगी.

१९१२ मध्ये कर्करोगाने नेटी गेल्या. वय अवघं ५०.