चोखोबांचा पोरगा कर्ममेळा

पंढरपूरला गेलेल्या प्रत्येकाने नामदेव पायरी पाहिली असेल. तिच्या समोरच चोखोबांची समाधी आहे. आपण हात जोडतो अन् रांगेत पुढं सरकतो. पण या चोखोबांच्या घरात एक पोरगं वाढत होतं, कर्ममेळा. त्याचं नाव फारसं कुणी काढत नाही.

चोखोबांचं मूळ गाव बुलढाणा जिल्ह्यातलं मेहुणा राजा मानतात. संसार मात्र मंगळवेढ्यात. पत्नी सोयराबाई. जात महार, म्हणून कामं ठरलेली. गावातलं मेलेलं ढोर ओढून न्यायचं, हाक आली की वेठीला हजर व्हायचं. मिळालं तर उष्टंपाष्टं. बैल मेला की शेतकऱ्याला तो उचलायला माणूस लागायचा, अन् उचलणाऱ्याचाच विटाळ धरायचा. मी स्वतः शेतकरी आहे, हे लिहिताना जरा अडखळायला होतं.

बरीच वर्षं मूलबाळ नव्हतं. सोयराबाई बाळंत झाली तेव्हा चोखोबा घरी नव्हते, बहिणीकडे, निर्मळेकडे गेले होते. मग विठ्ठलच नणंदेचं रूप घेऊन धावून आला, असं कीर्तनात सांगतात. गोष्ट गोड आहे. पण मला वाटतं, त्या खोपटात दुसरं येणार तरी कोण होतं?

आईबापाने पोराला दिलं ते नाम अन् अभंग. घरातले सगळेच रचायचे. आत्या निर्मळा, तिचे यजमान बंका, अन् आईसुद्धा. प्रत्येक माणसाचा देह विटाळातूनच येतो, मग सोवळा कोण, हे सोयराबाईने त्या काळात विचारलं. असल्या आईच्या हाताखाली पोरगं वाढलं.

कर्ममेळा बापापेक्षा तिखट निघाला. चोखोबाही देवाकडे गाऱ्हाणं मांडायचे, पण पुष्कळदा मागच्या जन्माचं कर्म म्हणून मनाची समजूत घालायचे. पोराची समजूत पटली नाही. हीन म्हणवणाऱ्या जातीत जन्म का दिलास, उष्टं का खायला लावलंस, हा जाब त्याने थेट विठ्ठलाला विचारला.

१३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळलं. चोखोबा इतर मजुरांबरोबर त्याखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरात आणून महाद्वारासमोर समाधी बांधली, असं परंपरा सांगते. समाधी दारापर्यंत आली, पण दार उघडलं ते १९४७ साली, साने गुरुजी उपोषणाला बसल्यावर.