गोटात न मावलेला गणिती

फ्रिस्को : शीतयुद्धाच्या इतिहासात मराठी माणूस शोधू जाता प्रथम आठवतात ते कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे. त्यांनी आपली बाजू उघडपणे निवडली होती आणि पक्षही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव या संदर्भात सहसा निघत नाही. ते गणिती आणि प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणूनच ओळखले जातात. परंतु अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातील चढाओढीची झळ त्यांनाही लागली, आणि ती पक्षाचे छत्र नसताना लागली.

३१ जुलै १९०७ रोजी पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात त्यांचा जन्म झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे थोर पंडित. पुढे जगाची वाटणी ज्या दोन महासत्तांत झाली, त्या दोन्हींच्या विद्यापीठीय जगात धर्मानंदांचा वावर झाला होता. हार्वर्डमध्ये त्यांनी ग्रंथसंपादन केले, तर १९२९ साली ते लेनिनग्राडला पाली शिकवण्यास गेले. १९१८ मध्ये अकरा वर्षांच्या दामोदरला त्यांनी आपल्याबरोबर अमेरिकेत नेले. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी सर्वोच्च सन्मानासह मिळवून दामोदर मायदेशी परतले. उत्तर टेक्सासात घर घेऊन स्थिरावलेल्या आजच्या वाचकाला या परतण्याचे नवल वाटेल. पण १९२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने भारतीयांना अमेरिकी नागरिकत्वाचे दार तेव्हा बंद झालेले होते, हेही ध्यानात ठेवावे.

बनारस आणि अलीगढ येथील विद्यापीठांनंतर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात १९४५ पर्यंत त्यांनी गणित शिकवले. याच काळात त्यांची बुद्धी चहूकडे धावू लागली. प्राचीन आहत नाणी तराजूत तोलून, वापराने झालेल्या झिजेवरून त्यांचा काळ ठरवण्याची संख्याशास्त्रीय रीत त्यांनी बसवली. गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर काढण्याचे त्यांचे सूत्र आजही आनुवंशशास्त्रात त्यांच्या नावाने वापरले जाते. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही त्यांनी सिद्ध केली. होमी भाभांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले, तरी पुण्याचे घर सुटले नाही; डेक्कन क्वीनचा प्रवास हा त्यांच्या दिनक्रमाचाच भाग झाला.

१९४८-४९ मध्ये ते पुन्हा अमेरिकेत आले. शिकागो विद्यापीठात त्यांनी भूमिती शिकवली, प्रिन्स्टनला आइन्स्टाइनशी चर्चा केल्या. अणुबॉम्बची छाया जगावर पडली होती. पुढील काही वर्षांत कोसंबी जागतिक शांतता परिषदेच्या कार्यात ओढले गेले. मॉस्को आणि पेकिंगच्या वाऱ्या झाल्या. साम्राज्यवाद आणि शांतता या विषयावरील त्यांचा लेख १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या मंथली रिव्ह्यूमध्ये छापून आला. मॅकार्थीच्या मोहिमेमुळे अमेरिकेतील प्राध्यापकांच्या नोकऱ्या जात होत्या, तो हा काळ. शांतता परिषदेला सोव्हिएत सत्तेचा भक्कम पाठिंबा होता, आणि वॉशिंग्टनच्या बॉम्बवर ती जितकी तुटून पडे तितकी मॉस्कोच्या बॉम्बवर पडत नसे. कोसंबींसारख्या चिकित्सक माणसाने ही विषमता अधिक ठणकावून मांडावयास हवी होती, असे आज वाटते.

पण म्हणून ते कोणाचे बांधील नव्हते. १९४९ मध्ये डांगे यांचे प्राचीन भारतावरील पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा मार्क्सवादी असूनही कोसंबींनी त्याचे निर्दय परीक्षण केले. पुराव्यांऐवजी ठरीव साचा वापरून इतिहास लिहिणे त्यांना मान्य नव्हते. पक्षाच्या पंडितांना ते अधिकृत मार्क्सवादी म्हणून हिणवीत. परिणाम असा की सरकारी वर्तुळाला ते लाल वाटत आणि लालांना बेशिस्त.

खरी ठिणगी पडली ती अणुऊर्जेवरून. डिसेंबर १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी शांततेसाठी अणू ही योजना संयुक्त राष्ट्रसंघात मांडल्यानंतर अणुभट्टी हे नवस्वतंत्र देशांना आपल्या बाजूस वळवण्याचे साधन बनले. भारतात या कार्यक्रमाचे शिल्पकार भाभा होते, म्हणजे कोसंबींच्या संस्थेचे प्रमुखच. १९५६ मध्ये ट्रॉम्बेला अप्सरा सुरू झाली. जुलै १९६० मध्ये कॅनडाने दिलेली आणि अमेरिकी जड पाण्यावर चालणारी दुसरी भट्टी कार्यान्वित झाली. त्याच महिन्यात पुण्याच्या रोटरी क्लबात कोसंबी अणुऊर्जेच्या खर्चाविषयी शंका घेत होते. त्यांचा युक्तिवाद साधा होता. या देशावर वर्षातील बहुतेक दिवस ऊन पडते. ते जेथे लागते तेथेच साठवता आणि वापरता येईल, खेड्याला दूरच्या वीजकेंद्राची वाट पाहावी लागणार नाही. त्या वेळी सौर तंत्र बाल्यावस्थेत होते, त्यामुळे हे बोलणे अनेकांना हट्टीपणाचे वाटले असावे. टेक्सासच्या माळांवर आज पसरलेली सौर पटले पाहणाऱ्याला तसे वाटणार नाही.

१९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे चालू ठेवला नाही. दोष केवळ राजकारणाला देणे अन्यायाचे ठरेल. १९५९ मध्ये त्यांनी गणितातील प्रसिद्ध रीमान गृहीतकाची सिद्धता कृषिसंख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापली, ती टिकली नाही आणि गणितज्ञांमध्ये त्यांची पत घसरली. स्वभावही तिखट होता. तरीही शांतता चळवळीतील सहभाग आणि अणुधोरणाला केलेला विरोध यांचा या निर्णयाशी काहीच संबंध नव्हता, असे मानणे कठीण आहे.

नोकरी गेल्यावर त्यांची लेखणी थांबली नाही. त्याच वर्षी दंतकथा आणि वास्तव यांचा शोध घेणारे त्यांचे पुस्तक निघाले. पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी तुडवून त्यांनी अश्मयुगीन सूक्ष्म हत्यारे गोळा केली, मेंढपाळांच्या देवतांची ठाणी नोंदवली. १९६४ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद शास्त्रज्ञाचे पद दिले. १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील त्यांचा ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाला.

जानेवारी १९६६ मध्ये माँ ब्लाँ शिखरावरील विमान अपघातात भाभांचा अंत झाला. त्यानंतर पाच महिन्यांनी, २९ जून रोजी, कोसंबी पुण्यातील राहत्या घरी वारले. त्यांचे वय तेव्हा ५८ होते.