शणै गोंयबाब

आपल्या वालावलचें नांव ज्यांच्या आडनांवांत राहिलें आहे, ते वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर गोव्यांत डिचोली येथें २३ जून १८७७ रोजीं जन्मले. आरंभींचें शिक्षण मराठींतून झाल्यावर ते मुंबईस गेले. तेथें गोव्याचे हिंदु व ख्रिस्ती दोघेही भेटत. परंतु चारचौघांत हिंदु मराठीचा आश्रय करी, ख्रिस्ती पोर्तुगीज अथवा इंग्रजीचा. घरची कोंकणी बोलण्याची दोघांसही लाज वाटे.

ही लाज एका दिवसांत आलेली नव्हती. ज्या गोव्यांत १६४० सालीं फादर स्टीफन्स यांचें कोंकणी व्याकरण राशोलास छापलें गेलें, त्याच गोव्यांत १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें देशी भाषा सोडून देण्याचा हुकूम काढला. आम्हां ख्रिस्ती लोकांस या दोन्ही गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवूनच वाचल्या पाहिजेत.

वालावलीकरांनीं शणै गोंयबाब या नांवानें कथा, नाटकें, व्याकरण, गीतेचें कोंकणी रूप, असें पुष्कळ लिहिलें. मला त्यांचें इतिहासलेखन विशेष मोलाचें वाटतें. गोव्याबाहेर गेलेल्या गोमंतकीयांचा वृत्तांत त्यांनीं १९२८ सालीं प्रसिद्ध केला. रामा कामती हा मुंबईंत कंपनी सरकारचा मोठा अधिकारी. वाळकेश्वराचें देऊळ त्यानें १७१५ च्या सुमारास पुन्हां बांधविलें. १७२० सालीं कान्होजी आंग्र्यांशीं संधान बांधल्याचा आरोप त्याजवर आला, बनावट पत्रें पुराव्यास आलीं, मालमत्ता जप्त झाली आणि १७२८ सालीं तो तुरुंगांतच मेला. दोनशें वर्षांनीं त्याच्यावरील कलंक धुण्यास वालावलीकर पुढें आले, आणि तेंही कोंकणींत.

कोंकणी ही मराठीची पोटभाषा, हें मत त्यांस मुळींच मान्य नव्हतें. १९३० सालच्या ‘कोंकणी भाशेचें जैत’ या पुस्तकांत त्यांची लेखणी फार तिखट झाली आहे. मराठीच्या शिक्षकास तें सारें पटेल असें नाहीं. परंतु घरीं मालवणी बोलणारें आपलें मूल शाळेच्या पायरीशीं येतांच ती कां गिळून टाकतें, हें ज्या पालकांनीं पाहिलें आहे, त्यांस या तिखटपणाचें कारण सांगावें लागणार नाहीं.

९ एप्रिल १९४६ रोजीं ते मुंबईस वारले. त्या वेळीं गोव्यावर पोर्तुगीजांचेंच राज्य होतें. पुढें १९७५ सालीं साहित्य अकादमीनें कोंकणीस स्वतंत्र भाषा मानलें, १९८७ सालीं ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ सालीं राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत गेली. त्यांची पुण्यतिथि कोंकणी लोक जागतिक कोंकणी दिन म्हणून पाळतात.