कर्मवीर अण्णांची गुंतवणूक

अर्थशास्त्राच्या तासाला सर गुंतवणूक हा विषय शिकवत होते. धरणे, रेल्वे, कारखाने अशी उदाहरणे फळ्यावर उतरत होती. माझ्या डोळ्यांपुढे मात्र एक मंगळसूत्र उभे राहिले. तास संपला, पण विचार संपेना; म्हणून हा लेखनप्रपंच.

भाऊराव पायगौंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिले. अस्पृश्य मुलांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परतल्यावर शुद्धीची अंघोळ करण्यास त्यांनी साफ नकार दिला. त्यामुळे वसतिगृह सुटले. पण राजर्षी शाहू महाराजांचा सहवास लाभला. मॅट्रिकपर्यंत काही त्यांची मजल गेली नाही. ज्यांनी पुढे हजारोंना पदवीधर केले, त्यांची ही शैक्षणिक पात्रता!

पोटासाठी त्यांनी शिकवण्या केल्या. ओगल्यांच्या काचसामानाचा आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचा प्रचार करीत ते गावोगाव हिंडले. या फिरतीत त्यांना शेतकरी जवळून दिसला. नुसत्या नांगराने त्याचे दैन्य फिटणार नव्हते. सावकाराच्या कागदावर उठणारा अंगठा आधी थांबायला हवा होता. पुढे एका कारखान्याच्या उभारणीत ते राबले. त्याच्या नफ्यातला वाटा शिक्षणाला मिळेल, ही त्यांची आशा फोल ठरली. तेव्हापासून त्यांनी धनिकांपेक्षा रयतेवरच अधिक भिस्त ठेवली.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये तिचे ठाणे साताऱ्यास हलले. तेथल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ साली महात्माजींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले.

पण नावाने पोट भरत नाही. मुले वाढली, धान्य संपले. अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. तरी या सगळ्या लेकरांच्या त्या आई झाल्या. एकेक दागिना गेला आणि शेवटी मंगळसूत्रही मुलांच्या भाकरीसाठी विकले गेले. १९३० साली त्या निवर्तल्या. झाड मोठे झालेले त्यांना दिसलेच नाही. या गुंतवणुकीचे व्याज त्यांच्या पदरात कधीच पडले नाही. ते पडले तुमच्याआमच्या पदरात.

अण्णांनी घराघरांतून मूठमूठ धान्य जमवले. विद्यार्थ्यांनी शेती करावी, दगड फोडावे आणि त्या कष्टावर शिकावे, ही त्यांची रीत. फुकटची मदत माणसाला मिंधे करते, कष्टाची भाकरी त्याला ताठ उभे करते, हे त्यांनी ओळखले होते. १९३५ मध्ये अध्यापक विद्यालय, १९४० मध्ये साताऱ्याचे महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज, असा पारंब्यांचा विस्तार होत गेला. १९४८ साली सरकारी अनुदान काही काळ बंद पडले, तेव्हा लोकांनीच संस्था सावरली. ज्यांची मूठ तिच्यात पडली होती, ते तिला बुडू कसे देतील? १९५९ साली पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची डी. लिट. असे सन्मान त्यांना लाभले आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. आज संस्थेच्या सातशेंहून अधिक शाखा आहेत.

आता माझे सांगतो. मी 'कमवा आणि शिका' योजनेत आपल्या ग्रंथालयात पुस्तके पुसतो. पहिले वर्षभर ही गोष्ट मी वर्गमित्रांपासून लपवली. कोणी आलेच, तर फडके पाठीमागे धरून वाचत असल्याचे सोंग करीत असे. अण्णांचे चरित्र मी त्याच कपाटातून काढून वाचले. वाचून संपले आणि माझीच मला लाज वाटली. फडक्याची नव्हे, त्या सोंगाची.

सर, परीक्षेत गुंतवणुकीचे उदाहरण विचारलेत, तर मी धरण लिहिणार नाही. मी लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र लिहीन. गुण किती द्यायचे, ते आपण ठरवावे.