मोलोकाईचे फादर डेमियन

पॅसिफिक महासागरातील हवाई द्वीपसमूहात मोलोकाई नावाचे एक बेट आहे. त्याच्या उत्तरेस जमिनीचा एक सपाट तुकडा समुद्रात शिरलेला आहे. त्याच्या तिन्ही बाजूंना खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूस ताठ उभे कडे आहेत. १८६६ पासून हवाईच्या शासनाने कुष्ठरोग्यांना तेथे नेऊन ठेवण्यास आरंभ केला. त्या काळी या रोगावर उपाय ठाऊक नव्हता. भीती मात्र अपार होती. घरादारापासून तोडलेल्या या माणसांना परतीची वाट नव्हती. अशा ठिकाणी स्वेच्छेने गेलेले धर्मगुरू म्हणजे फादर डेमियन.

त्यांचे मूळ नाव जोसेफ द व्हूस्टर. त्यांचा जन्म ३ जानेवारी १८४० रोजी बेल्जियममधील ट्रेमेलो या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. थोरल्या भावामागोमाग त्यांनी धर्मसंघात प्रवेश केला व डेमियन हे नाव धारण केले. थोरले बंधू धर्मकार्यासाठी हवाईस निघणार, तोच आजारी पडले. धाकट्याने त्यांची जागा मागून घेतली. १८६४ च्या मार्चमध्ये ते होनोलुलूला पोहोचले आणि मे महिन्यात त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली.

मोलोकाईच्या वसाहतीत कायमचा धर्मगुरू नव्हता. कोणा एकावर हा भार टाकणे बिशपांना उचित वाटेना, म्हणून काही धर्मगुरूंनी पाळीपाळीने तेथे जावे असे ठरले. १० मे १८७३ रोजी डेमियन तेथे उतरले. त्यांची पाळी पहिली होती. त्यांनी ती कधी संपू दिली नाही.

आरंभी राहण्यास घर नसल्याने ते एका झाडाखाली झोपत. उपासना आणि प्रवचन यांवर त्यांचे काम थांबले नाही. ते रुग्णांच्या जखमा धूत, त्यांना औषध देत, त्यांच्यासोबत जेवत. रुग्णांना हाताशी धरून त्यांनी घरे उभारली, चर्चचा विस्तार केला, नळाने पाणी आणले आणि अनाथ मुलांसाठी निवारा बांधला. मृतांसाठी शवपेट्या तयार करणे व कबरी खोदणे हेही काम ते स्वतः करीत. प्रवचनात ते स्वतःला रुग्णांपासून वेगळे काढीत नसत. आपणही त्यांच्यातलेच एक आहोत, अशा शब्दांत ते बोलत.

या निर्णयाची किंमत लवकरच कळली. वसाहतीतून बाहेर जाण्यावर कडक निर्बंध होते. एकदा त्यांचे वरिष्ठ जहाजातून आले, परंतु त्यांना उतरण्याची परवानगी मिळाली नाही. डेमियन होडीतून जहाजाजवळ गेले, तर त्यांना वर चढू दिले गेले नाही. पापकबुली ही एकांतात करावयाची गोष्ट. ती त्यांनी खालूनच, सर्वांदेखत, मोठ्या आवाजात केली.

डेमियन निर्दोष नव्हते. ते तापट व हट्टी होते. रुग्णांसाठी लाकूड, औषधे आणि परिचारिका मागताना वरिष्ठांशी व अधिकाऱ्यांशी त्यांचे वारंवार खटके उडत.

१८८४ च्या अखेरीस त्यांचा पाय कढत पाण्यात पडला. कातडी भाजली, पण वेदना झाल्या नाहीत. त्यांनी ओळखले, की रोगाने आपल्यालाही गाठले आहे. तरीही काम थांबले नाही. १८८६ मध्ये जोसेफ डटन आणि १८८८ मध्ये मदर मेरियन कोप साहाय्यास आल्यावर आपल्यामागे रुग्णांचे काय होईल, ही त्यांची चिंता हलकी झाली. १५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला.

डेमियन मोलोकाईस गेले त्याच वर्षी, १८७३ मध्ये, नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधून काढला होता. परंतु परिणामकारक औषधे येण्यास अनेक दशके लागली. हवाईतील सक्तीचा विलगवास १९६९ मध्ये संपला. आज हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो. २००९ मध्ये कॅथलिक चर्चने डेमियन यांना संतपद दिले. त्यांच्या व डटन यांच्या नावाने दिला जाणारा पुरस्कार १९८३ मध्ये आनंदवनाचे बाबा आमटे यांना लाभला होता.

डेमियन यांच्यापाशी रोग बरा करणारे औषध नव्हते. समाजाने टाकलेल्या माणसांजवळ अखेरपर्यंत राहणे एवढेच त्यांच्या हाती होते, आणि ते त्यांनी केले.